अकरा नातवंडांचं जंगल

मैत्रिणींनो, हिवाळा आला की फुलझाडांच्या आणि बोन्सायच्या प्रदर्शनांचे वेध लागतात. सावनेरहून नागपूर काही फार दूर नाही. सकाळची बस धरली की प्रदर्शन बघून संध्याकाळच्या चहाला घरी परत. आता नुसतं बघून येणाऱ्या बायका कमी आणि प्रवेशिका भरणाऱ्या जास्त झाल्या आहेत, याचा मला आनंद आहे. पण एक खटकतं. नर्सरीतून तयार बोन्साय आणायचं, आठ दिवस पाणी घालायचं आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावून टेबलावर ठेवायचं, असंही चालतं. बक्षीस मिळालंच तर ते नक्की कुणाला मिळालं?

म्हणून आज अशा एका माणसाची ओळख करून द्यायची आहे, ज्याने एक झाड लोकांसमोर आणण्यासाठी छत्तीस वर्षं घेतली. एक झाड म्हणणंही चूक, अकरा झाडं! या माणसाचं नाव जॉन नाका. (आडनाव ऐकून आपल्याला जकात नाका आठवतो, पण बोन्साय करणाऱ्यांच्या जगात हे नाव फार आदराने घेतात.)

नाका यांचा जन्म १६ ऑगस्ट १९१४ चा, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट लप्टन या छोट्या गावातला. आईवडील जपानहून आलेले. जॉन आठ वर्षांचा असताना कुटुंब जपानला परतलं आणि तिथे त्याला भेटले आजोबा. आजोबांना बोन्सायचा नाद. नातवाला हाताशी धरून त्यांनी झाडाकडे बघायला शिकवलं. आपल्याकडे आजी जशी नातीला पापड लाटायला बसवते, हात धरून, न रागावता, तसंच असणार ते. लहानपणी अंगात मुरलेली गोष्ट जात नाही. एकविसाव्या वर्षाच्या आसपास, १९३५ मध्ये, नाका पुन्हा कोलोरॅडोत आले, बोल्डर गावाजवळ शेतीत पडले. लग्न झालं. बायकोचं नाव ॲलिस. मुलं झाली.

मग युद्ध आलं. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांवर संकट कोसळलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या लाखाहून जास्त माणसांना घरदार, दुकानं, शेती सोडायला लावून तारांच्या कुंपणाआड छावण्यांत ठेवलं गेलं. त्यातले बहुतेक अमेरिकेतच जन्मलेले नागरिक होते. कोलोरॅडो त्या हद्दीत येत नव्हतं, म्हणून तिथल्या कुटुंबांवर ही वेळ आली नाही. पण चेहरा जपानी असणं म्हणजे काय, हे त्या काळात तिथे कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये नाका बायकामुलांना घेऊन लॉस एंजेलिसला गेले. लोकांच्या बागा तयार करून देण्याचं काम सुरू केलं. दिवसभर दुसऱ्यांच्या अंगणात राबायचं आणि घरी आल्यावर आपल्या कुंड्यांकडे वळायचं. त्याच शहरात छावण्यांतून परतलेली कुटुंबंही पुन्हा संसार उभे करत होती. नोव्हेंबर १९५० मध्ये नाका आणि त्यांच्या चार मित्रांनी, सॅम डोई या आपल्या शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली, एक बोन्साय मंडळ काढलं. पाच जणांचं मंडळ! आपल्या बचत गटालासुद्धा दहा जणी लागतात. तेच पुढे कॅलिफोर्निया बोन्साय सोसायटी म्हणून नावाजलं. काही वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे शत्रू म्हणून बघितलं जात होतं, त्यांच्याकडेच अमेरिकन माणसं झाड छाटायला शिकू लागली. नाका यांनी शिकवताना आपला-परका असा भेद केला नाही. घरचं गुपित म्हणून काही झाकून ठेवलं नाही. १९७३ मध्ये त्यांचं बोन्सायच्या तंत्रावरचं पुस्तक आलं आणि १९८२ मध्ये त्याचा दुसरा भाग. इंग्रजी वाचणाऱ्या बोन्सायप्रेमींच्या घरी ही पुस्तकं अजूनही सापडतात.

त्यांची शिकवण्याची पद्धत मला फार आवडते. कात्री हातात घेण्याआधी ते कागद-पेन्सिल घ्यायचे. समोरच्या झाडाचं चित्र काढायचं, पाच-दहा वर्षांनी ते कसं दिसावं तेही काढायचं आणि मगच कोणती फांदी जाणार ते ठरवायचं. त्यांची रेखाटनं इतकी सुंदर असत की शिकणारे ती जपून ठेवत. फांद्या इतक्या दाट ठेवू नका की पक्ष्याला मधून उडता येणार नाही, असं ते सांगायचे. झाडाला बोन्सायसारखं दिसायला लावू नका, बोन्साय झाडासारखं दिसलं पाहिजे, हाही त्यांचा धडा. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्या प्रदर्शनातली इंग्रजी ‘एस’सारखी वळवलेली फायकसची रोपं आठवून बघा! शेतातलं कुठलं झाड तसं वाढतं?

आता त्या छत्तीस वर्षांची गोष्ट. १९४८ च्या सुमारास नाका यांनी फोमिना ज्युनिपर जातीची झाडं कुंडीत वाढवायला घेतली. सरळ बुंध्याची, सुईसारख्या पानांची. पुढे जपानमधल्या एका देवळाजवळची उंच झाडांची दाट राई त्यांच्या मनात भरली. तशी राई एका पसरट कुंडीत उभी करायची, असं त्यांनी ठरवलं. आधीची तयार झाडं एकत्र केली, नवी जोडली आणि १९६४ पर्यंत सात झाडांचं जंगल झालं. सातच का? तर तेव्हा त्यांना सात नातवंडं होती. प्रत्येकाच्या नावाचं एक झाड. या जंगलाला त्यांनी नाव दिलं ‘गोशिन’, म्हणजे आत्म्याचा रक्षक.

पण मध्येच विघ्न आलं. मागच्या बाजूची झाडं वाळू लागली. वाळलेलं काढून दुसरं लावावं, तर तेही वाळायचं. विचार करा, प्रत्येक झाड म्हणजे एक नातवंड! आपल्याकडे असं काही झालं असतं तर शेजारपाजारच्या बायांनी काय काय म्हटलं असतं! कुणी नजर लागली म्हणालं असतं, कुणी कुंडीच फेकून द्यायला सांगितलं असतं. नाका यांनी मुळं तपासली. कुंडीच्या त्या भागात पाणी साचत होतं, निचराच होत नव्हता. त्यांनी कुंडीच्या तळाला भोक पाडलं आणि वाळणं थांबलं. बस, एवढंच! १९७३ पर्यंत नातवंडं अकरा झाली होती, तेव्हा जंगलातली झाडंही अकरा झाली.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. बोन्साय घरात ठेवलं की घराची वाढ खुंटते, मुलाबाळांची प्रगती अडते, असं वास्तुशास्त्राच्या नावाखाली सर्रास सांगितलं जातं. त्यामुळे कित्येक सुनांनी हौसेने वाढवलेली झाडं गुपचूप मैत्रिणीकडे नेऊन ठेवली आहेत. ज्या घरात जगातलं सगळ्यात गाजलेलं बोन्साय उभं राहिलं, त्या घरात नातवंडं वाढली म्हणून झाडं वाढवावी लागली, हे त्यांच्या सासूबाईंना जरूर वाचून दाखवा. दुसरा आक्षेप असतो की हा झाडाचा छळ आहे. मुळं छाटायची आणि उपाशी ठेवायचं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. मुळं छाटतात ती नवी बारीक मुळं फुटावीत म्हणून. आणि खत-पाणी चुकलं तर एवढ्याशा मातीतलं झाड चार दिवसही तग धरत नाही. जपानहून १९७६ मध्ये अमेरिकेला ५३ बोन्साय भेट मिळाले. त्यातला एक पाइन १६२५ पासून कुंडीत वाढवलेला आहे. १९४५ च्या ऑगस्टमध्ये तो हिरोशिमात होता, अणुबॉम्बमधूनही वाचला. पिढ्यान्‌ पिढ्या कुणीतरी रोज पाणी घातलं म्हणूनच ना?

१९८४ मध्ये गोशिन लॉस एंजेलिसहून देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलं, फिलाडेल्फियाच्या प्रसिद्ध पुष्पप्रदर्शनात. त्यातलं सर्वांत उंच झाड चार फुटांच्या आसपास आणि कुंडी त्याहून लांब. हजारो किलोमीटरच्या प्रवासाला ते पाठवायचं म्हणजे काळजाचं पाणी होणार. आपण बसमधून एक कुंडी मांडीवर घेऊन गेलो तरी प्रत्येक खड्ड्याला जीव वरखाली होतो.

प्रदर्शनाला झाड नेणं म्हणजे आयत्या वेळी सजवणं नव्हे, हे नाका यांच्यासारख्यांच्या कामावरून कळतं. जपानमध्ये टोकियोला १९३४ पासून कोकुफू-तेन हे सर्वांत मानाचं प्रदर्शन भरतं. तिथे परीक्षकांनी निवडल्याशिवाय झाड मांडताच येत नाही. परीक्षक आधी बघतात बुंध्याचा पाया. मुळं जमिनीवर चहूबाजूंनी पसरलेली आहेत का? बुंधा खालून वर निमुळता होत जातो का? मग फांद्यांची मांडणी, पानांचा आकार, तारेचे वळ उठले आहेत का आणि कुंडी झाडाला शोभते का. चकचकीत रंगीत कुंडी झाडापेक्षा जास्त डोळ्यांत भरते, म्हणून चांगलं झाड मागे पडतं.

आपल्या हवेचा विचार केला तर जानेवारीतल्या प्रदर्शनाची तयारी आदल्या पावसाळ्यापासूनच धरावी. कुंडी बदलायची तर जून-जुलैत, म्हणजे मुळं धरायला सहा महिने मिळतात. आयत्या वेळी कुंडी बदललेलं झाड हलवलं की डुलतं, परीक्षकांच्या ते लगेच लक्षात येतं. वड, पिंपळ, उंबर यांची पानं मोठी असतात. झाड निरोगी असेल तर दिवाळीच्या आसपास सगळी पानं देठ ठेवून कापावीत. नवी पानं लहान येतात. आजारी झाडावर मात्र हा प्रयोग नको. तार दर पंधरा दिवसांनी बघायची, रुतायला लागली की उलगडायची नाही, तुकड्यांनी कापून काढायची. उलगडताना फांदी मोडते. शेवाळ महिनाभर आधी लावलं तर ते मातीला धरतं. आदल्या दिवशी चिकटवलेलं शेवाळ टेबलावर सुकून कडा उचलतं, फार वाईट दिसतं. कुंडी ओल्या फडक्याने पुसायची, पिवळी पानं काढायची, भरपूर पाणी द्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झाडाची पुढची बाजू कोणती, हे स्वतः ठरवून तीच बाजू समोर येईल असं ठेवायचं. स्वयंसेवक घाईत कुंडी फिरवून ठेवतात. प्रदर्शनाहून परतलेलं झाड आठ-पंधरा दिवस सावलीतच राहू द्यावं.

आणि झाडं? ज्युनिपर आपल्या नवतपात जगवणं मोठं कठीण. नाका दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया असे देशोदेशी शिकवायला जायचे, तेव्हा तिथल्या लोकांना तिथलीच झाडं घ्यायला सांगायचे. त्यांनी स्वतःही कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात वाढणारे ज्युनिपर आणून वाढवले. म्हणजे आपल्याला वड, उंबर, चिंच, बोगनवेल आहेच. जुन्या भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप, जे नाहीतरी कुणी उपटून फेकणारच असतं, त्याने सुरुवात करता येते. फुकट! २०१८ मध्ये पुण्यात बोन्सायचं मोठं आंतरराष्ट्रीय संमेलन झालं. आपल्या मराठी मुलखातही ही कला किती रुजली आहे, ते तेव्हा दिसलं.

फिलाडेल्फियानंतर गोशिन घरी परतलं नाही. नाका यांनी ते त्याच वर्षी देऊन टाकलं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात, सगळ्यांना बघायला मिळावं म्हणून. छत्तीस वर्षं हाताखाली असलेलं, नातवंडांच्या नावाचं जंगल! विकायचं म्हटलं असतं तर केवढा पैसा आला असता. ॲलिसबाईंना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो. घरातली कर्ती माणसं बोन्सायमागे असली की पाण्याची पाळी घरच्या बाईवर येते, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. अशा बायकांची नावं कुठल्याच चिठ्ठीवर नसतात.

१९८५ मध्ये जपानच्या सम्राटांकडून नाका यांना उगवत्या सूर्याच्या नावाचा सन्मान मिळाला. १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या त्या संग्रहालयात उत्तर अमेरिकेतल्या झाडांचं दालन उघडलं, त्याला त्यांचंच नाव दिलं गेलं. १९९२ मध्ये अमेरिकन सरकारच्या कला विभागाची राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली. १९ मे २००४ रोजी, नव्वदीला तीन महिने कमी असताना, ते गेले.

गोशिन तिथेच आहे. काही शेंड्यांवर मुद्दाम राखलेलं पांढरं वाळकं लाकूड आणि खाली हिरवी राई. नातवंडं आता मोठी झाली आहेत, आणि त्यांच्या नावाच्या झाडांची छाटणी आणि पाणी आता संग्रहालयातले माळी बघतात.