पहिला काळा जगज्जेता : जॅक जॉन्सन

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केला. त्यानंतर पाचच वर्षांनी, ३१ मार्च १८७८ रोजी, टेक्सास राज्यातल्या गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावी अशाच मुक्त झालेल्या गुलाम दांपत्याच्या पोटी एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव जॉन आर्थर जॉन्सन. जग त्याला जॅक जॉन्सन या नावाने ओळखते. मुष्टियुद्धातल्या सर्वांत वजनदार गटाचे जगज्जेतेपद मिळविणारा तो पहिला काळा माणूस होय.

धम्माच्या पाक्षिकात ठोसेबाजाचे चरित्र कशाला, असे एखादा उपासक विचारील. प्रश्न रास्त आहे. मारामारी हा आपला मार्ग नव्हे. परंतु जन्मावरून माणसाला हीन ठरविणारी समाजरचना एका माणसाच्या पराक्रमाने किती हादरते, आणि एका माणसाच्या पराक्रमाने ती मोडत का नाही, हे या जीवनातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. म्हणून नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी ही हकिकत मुलाबाळांसह वाचावी.

जॅकचे वडील हेन्री पायाने अधू होते. झाडलोटीची व पहाऱ्याची कामे करून त्यांनी संसार चालविला. आई टायना कपडे धुण्याची कामे करी. आईबापांनी मुलांना लिहावाचायला शिकविले, पण जॅकची शाळा पाचसहा वर्षांतच सुटली आणि तो गोदीवर हमाली करू लागला. बंदरावरच्या गरीब वस्तीत काळी आणि गोरी मुले एकत्र खेळत, एकत्र जेवत. त्यामुळे गोऱ्यासमोर मान खाली घालण्याची सवय आपल्याला कधी लागलीच नाही, असे तो पुढे सांगत असे.

त्या काळी गोऱ्या बड्या लोकांची एक करमणूक होती. पाचसात काळ्या पोरांना एकाच रिंगणात सोडायचे, कधी त्यांचे डोळे बांधायचे, एकमेकांना बदडायला लावायचे आणि शेवटी जो उभा राहील त्याच्या अंगावर नाणी फेकायची. जॅकचे मुष्टियुद्ध अशा रिंगणात सुरू झाले. पददलितांनी आपसात लढावे आणि वरच्यांनी हसावे, ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही.

१९०० सालच्या सप्टेंबरात गॅल्व्हेस्टनवर भयंकर वादळ आले. हजारो माणसे मेली. जॉन्सन कुटुंबाचे घरही गेले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९०१ मध्ये, जो चॉयन्स्की हा अनुभवी ज्यू मुष्टियोद्धा गॅल्व्हेस्टनला आला आणि त्याने तिसऱ्या फेरीत जॅकला आडवा केला. टेक्सासात अशा लढती बेकायदा असल्याने दोघांनाही पकडून तुरुंगात टाकले. तिथे ते सुमारे तीन आठवडे होते. त्या दिवसांत चॉयन्स्कीने हरलेल्या या तरुणाला आपली विद्या दिली : ठोसा कसा चुकवावा, पाय कसे हलवावेत, समोरच्याला दमवून मग घाव कसा घालावा. ज्याच्या जातीचाही द्वेष होत होता अशा माणसाने तुरुंगाच्या आवारात दिलेले हे शिक्षण जॅकला जन्मभर पुरले.

१९०३ साली त्याने काळ्यांमधले अजिंक्यपद मिळविले. होय, अजिंक्यपदेही दोन होती! एक काळ्यांचे आणि एक जगाचे. जगाच्या पदासाठी काळ्याशी लढायचेच नाही, असा गोऱ्या विजेत्यांचा दंडक होता. जगज्जेता जिम जेफ्रीज याने तसे उघड सांगितले आणि १९०५ साली तो न हरताच निवृत्त झाला. हरण्याचा धोकाच नको म्हणून रिंगणच अडवून धरायचे, आणि मग काळ्यांत कुणी जगज्जेता झालाच नाही, असे म्हणायचे! आपल्या विहिरी, आपल्या शाळा, आपली देवळे यांच्या बाबतीत हेच तर्कशास्त्र वापरले गेले.

त्याच काळात आपल्या महाराष्ट्रात काय चालले होते, तेही आठवावे. चर्मकार समाजातले बाळू पालवणकर यांच्या गोलंदाजीवर हिंदूंचा क्रिकेट संघ सामने जिंकत होता. पण पुण्यात त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे, आणि संघाचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही. चेंडू एकच, पण भांडे वेगळे. अमेरिकेत रंगाची रेघ, इथे जातीची.

जॉन्सनने ही रेघ ओलांडायचे ठरविले. नवा जगज्जेता टॉमी बर्न्स हा कॅनडाचा होता. जॉन्सन त्याच्या मागोमाग इंग्लंडला गेला, तिथून ऑस्ट्रेलियाला गेला. बर्न्सने अखेर होकार दिला, पण किंमत घेऊन. त्याला ३०,००० डॉलर मिळाले, जॉन्सनला ५,०००. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे सुमारे वीस हजार प्रेक्षकांसमोर लढत झाली. चौदाव्या फेरीत बर्न्सची अवस्था इतकी बिकट झाली की पोलिसांनी लढत थांबविली. चित्रपटाची यंत्रेही बंद करण्यात आली, कारण गोरा विजेता काळ्याच्या हातून कोसळताना जगाने पाहू नये. तरी निकाल लपला नाही. गुलामाचा मुलगा जगज्जेता झाला.

मग गोऱ्या अमेरिकेत शोध सुरू झाला, या काळ्याला पाडील असा गोरा माणूस कुठे आहे? प्रसिद्ध लेखक जॅक लंडन याच्यासारख्यांनीही जेफ्रीजने परत यावे म्हणून वर्तमानपत्रातून आवाहन केले. निवृत्त जेफ्रीज वाढलेले वजन उतरवून परत आला. ४ जुलै १९१० रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, नेवाडातल्या रीनो या गावी त्यांची गाठ पडली. जॉन्सन हसत लढत होता, प्रेक्षकांशी बोलत होता. त्याआधी कधीही खाली न पडलेला जेफ्रीज पंधराव्या फेरीत पुन्हा पुन्हा कोसळला आणि त्याच्या माणसांनी लढत सोडून दिली.

तारेने बातमी पसरली आणि अनेक शहरांत गोऱ्या जमावांनी काळ्या वस्त्यांवर हल्ले केले. त्या दंगलींत वीसच्या आसपास माणसे मेली असे मानतात. त्यांत बहुसंख्य काळी होती. त्यांचा गुन्हा काय? आपला एक माणूस जिंकला म्हणून ते रस्त्यात हसले. आपल्याकडेही नवरदेव घोड्यावर बसला, कुणी नवे कपडे घातले, मृत जनावर ओढायला नकार दिला, एवढ्याने वस्त्या पेटल्या आहेत. जो खाली राहील असे गृहीत धरले होते तो ताठ उभा राहिला, हीच खरी दुखरी जागा असते. या लढतीचा चित्रपट दाखविण्यावर अनेक शहरांनी बंदी घातली. १९१२ साली मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा कायदाच अमेरिकन संसदेने केला.

रिंगणात जे जमले नाही ते कोर्टात करण्यात आले. जॉन्सनने गोऱ्या स्त्रियांशी विवाह केले होते. स्त्रियांच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९१० साली झालेला कायदा त्याच्यावर लावण्यात आला. पहिल्या खटल्यात ल्युसील कॅमेरॉन या तरुणीने त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायचे नाकारले आणि डिसेंबर १९१२ मध्ये त्याच्याशी लग्न केले. मग जुन्या संबंधातली दुसरी स्त्री साक्षीला उभी केली. १९१३ साली फक्त गोऱ्या पंचांनी त्याला दोषी ठरविले आणि एक वर्ष एक दिवस कैदेची शिक्षा झाली. शिक्षा भोगण्याऐवजी तो कॅनडामार्गे फ्रान्सला निघून गेला. याच उन्हाळ्यात, जुलै १९१३ मध्ये, परमपूज्य बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोचले. एक शोषित त्या देशातून परागंदा होत होता आणि दुसरा तिथे ग्रंथांची शस्त्रे गोळा करीत होता.

५ एप्रिल १९१५ रोजी क्यूबातल्या हॅवाना येथे, कडक उन्हात, जेस विलार्ड या धिप्पाड गोऱ्याने सदतिसाव्या वर्षी असलेल्या जॉन्सनला सव्विसाव्या फेरीत पाडले. आपण मुद्दाम हरलो असे जॉन्सन नंतर सांगे; पुष्कळांना ते पटत नाही. स्पेन, मेक्सिको असे फिरून १९२० साली तो सरहद्दीवर स्वतःहून अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला आणि लेव्हनवर्थच्या तुरुंगात त्याने शिक्षा भोगली. जुलै १९२१ मध्ये तो सुटला. पुढच्या वर्षी त्याने सुधारलेल्या पान्याचे पेटंट मिळविले; इतकी त्याची बुद्धी चौकस होती. पण जगज्जेतेपदाची लढत त्याला पुन्हा कुणी दिली नाही. म्हातारपणी न्यूयॉर्कच्या एका करमणुकीच्या तळघरात तो पैसे देऊन येणाऱ्यांना जुन्या लढतींच्या गोष्टी सांगत असे.

१० जून १९४६ रोजी नॉर्थ कॅरोलायनात मोटार अपघातात त्याचा अंत झाला. वाटेतल्या खाणावळीत काळ्यांनी मागल्या बाजूस जेवावे असे सांगितल्यामुळे संतापून तो भरधाव निघाला होता, असे सांगतात. एके काळचा जगज्जेता, वय ६८, आणि पंगत अजून वेगळीच! त्याच वर्षी बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर विचारवंत डॉ. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाला केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. एकट्याच्या ठोशाने जे झाले नाही ते समाजाच्या संघटित मागणीने करायचे, हा मार्ग दोन्ही देशांत दिसू लागला होता. जॉन्सनवरचा डाग अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मे २०१८ मध्ये माफी देऊन पुसला, मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी.

येथवर अन्यायाची कथा झाली. पण चरित्र वाचायचे तर पुरते वाचावे. जॉन्सन दानशूर होता, आईला त्याने शिकागोत घर घेऊन दिले; पण त्याने शील सांभाळले नाही. मद्य, भरधाव गाड्या, उधळपट्टी आणि अनेक स्त्रिया यांत तो बुडाला. पत्नी एटा हिला त्याने मारहाणही केली. एकटेपणाने खचलेल्या एटाने सप्टेंबर १९१२ मध्ये आत्महत्या केली. गोऱ्यांनी त्याच्यावर खोटा डाव टाकला हे खरे, आणि त्याच्या घरात एक स्त्री दुःखाने मेली हेही खरे. एका सत्याने दुसरे झाकू नये. सवर्णांनी आपल्यावर केलेला जुलूम सांगत असताना आपल्या घरातल्या स्त्रीवर उगारलेला हात लपवणारा बौद्ध म्हणवून घेण्यास पात्र नाही.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. जगज्जेता झाल्यावर सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्हे या मातब्बर काळ्या योद्ध्यांना जॉन्सनने पदासाठी संधी दिली नाही. गोऱ्यांशी लढून पैसा अधिक मिळे. १९१३ साली पॅरिसमध्ये तो एका काळ्याशी लढला खरा, पण वरील तिघांसाठी दार बंदच राहिले. ज्या दारावर त्याने वर्षानुवर्षे धडका दिल्या, ते आत गेल्यावर त्याने स्वतःच ओढून घेतले. त्याच्यानंतर पुढच्या काळ्या योद्ध्याला, जो लुई याला, संधी मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांविषयी जी व्यथा बोलून दाखविली ती याच रोगाची. नोकरी मिळाली, शहरात घर झाले, की वस्तीकडे पाठ फिरते. एकट्याचा विजय एकट्याबरोबर संपतो.

तिसरी गोष्ट जो लुईची. त्याला त्याच्या माणसांनी बजावले होते की जॉन्सनसारखे वागू नकोस. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र नको, हरलेल्यासमोर हसणे नको. तो शहाण्यासारखा वागला, पण गोरे रागावू नयेत म्हणून. जॉन्सन बेफाम वागला, त्यात गोऱ्यांना चिडविण्याचाही भाग होता. दोघांच्याही वागण्यावर मालकाच्या डोळ्यांची सावली होती.

बंधू-भगिनींनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला जे दिले ते यापासून वेगळे आहे. आपण दारू सोडतो ती सवर्णांनी चांगले म्हणावे म्हणून नव्हे. आपण स्वच्छ राहतो, पत्नीला मानाने वागवतो, मुलींना शाळेत धाडतो, ते कुणाच्या शाबासकीसाठी नव्हे आणि कुणाला खिजविण्यासाठीही नव्हे. पंचशील हे आपले स्वतःचे आहे. ते पाळणाऱ्याची मान आपोआप ताठ होते, आणि ती ताठ ठेवायला कुणाला पाडावे लागत नाही.

जॉन्सनचे धैर्य घ्यावे. भर रिंगणात, हजारो शत्रूंमध्ये, तो हसत उभा राहिला. ते हसू गुलामगिरीच्या छाताडावर होते. पण त्याचा एकटेपणा घेऊ नये. त्याच्यामागे संघ नव्हता, धम्म नव्हता. आपल्यामागे दोन्ही आहेत. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मुलांना ही गोष्ट सांगा, आणि शेवटी त्यांना एवढेच विचारा की तुम्ही पुढे गेलात तर मागे दार उघडे ठेवाल ना?

जय भीम! नमो बुद्धाय!