फॅरेडेंचे लाल सोने

मायकेल फॅरेडे म्हटले की वीज आणि चुंबक आठवतात. १७९१ मध्ये लोहाराच्या घरी जन्मलेले फॅरेडे पुस्तकबांधणी शिकताना विज्ञान वाचू लागले आणि १८१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाले. पुढची कहाणी सर्वश्रुत आहे.

सोन्याकडे मात्र ते वळले साठी उलटल्यावर, स्मरणशक्ती दगा देत असताना. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून त्यांनी माणकासारखे लाल पाणी मिळवले. डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण त्यात तरंगत होते. १८५७ मध्ये हे काम त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडले. या पाण्यात मीठ पडले की कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग निळा होतो. आधी जिलेटिन घातले तर त्याचे आवरण कणांवर बसते आणि रंग टिकतो.

आपले रक्तही खारटच! म्हणून औषधासाठी आवरण दिलेले सोन्याचे नॅनोकण तपासताना ते खारट द्रावणात रंग बदलतात का, हे आजही पाहिले जाते. गुठळ्या झालेले कण शरीरात भलतीकडेच अडकू शकतात. पेशींवरच्या आणि प्राण्यांवरच्या चाचण्या त्यानंतर.

फॅरेडेंच्या डोक्यात औषध नव्हतेच, त्यांना प्रकाश समजून घ्यायचा होता. १८६७ मध्ये ते गेले. त्यांच्या लाल पाण्याच्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनने जपल्या आहेत.