टेरी फॉक्स धावला. पण किती धावायचं, हे कोणी सांगायचं?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ पोर्ट कोक्विटलम नावाचं गाव आहे. तिथे वाढलेल्या टेरी फॉक्सला बास्केटबॉलचं वेड होतं. शाळेत असताना उंची बेताची, खेळातही फारसं कसब नाही; पण रोजच्या सरावाच्या जोरावर त्याने आधी शाळेच्या आणि पुढे सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संघात जागा मिळवली. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याच्या गाडीला अपघात झाला आणि उजव्या गुडघ्याला मार लागला. काही दिवसांनी तोच गुडघा पुन्हा दुखू लागला. खेळाचा हंगाम बुडू नये म्हणून त्याने ते दुखणं अंगावर काढलं. मार्च १९७७ मध्ये वेदना असह्य झाल्या तेव्हा तो हॉस्पिटलात गेला. निदान झालं ऑस्टिओसार्कोमाचं, म्हणजे हाडाच्या कॅन्सरचं.

अपघातामुळेच गुडघा कमकुवत झाला आणि कॅन्सर झाला, असं टेरीला वाटत राहिलं. डॉक्टरांनी तसं नसल्याचं सांगितलं होतं. आपल्याकडेही बाह्यरुग्ण विभागात अशी समजूत नेहमी भेटते. मार लागल्याने हाडाचा कॅन्सर होत नाही. मार लागल्यावर त्या जागेकडे लक्ष जातं आणि आधीपासून असलेला आजार सापडतो, एवढंच.

टेरीचा उजवा पाय गुडघ्याच्या वर सुमारे १५ सेंटीमीटरवर कापावा लागला. वय होतं १८. केमोथेरपीमुळे जगण्याची शक्यता निम्मी असल्याचं त्याला सांगण्यात आलं. दोनच वर्षांपूर्वी ती जेमतेम १५ टक्के असती, हेही त्याला कळलं. संशोधनासाठी पैसा उभा करायचा, हे त्याच्या मनात रुजलं ते या आकड्यांमुळे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्याच्या शाळेतल्या बास्केटबॉल प्रशिक्षकाने त्याला एक मासिक आणून दिलं. त्यात डिक ट्रॉम या माणसावर लेख होता. ट्रॉम कृत्रिम पायाने न्यूयॉर्कची मॅरेथॉन पूर्ण करून आला होता. पाय गेल्यावरही धावता येतं, ही बातमी टेरीला खेळाच्या शिक्षकाकडून मिळाली.

यात त्याच्या डॉक्टरांना दोष देण्यासारखं काही नाही. त्या काळी कॅन्सरच्या उपचारांत व्यायामाचा विषयच नव्हता. रुग्णाची ताकद राखून ठेवायची, थकवा आला की झोपवायचं, खायला-प्यायला सांभाळायचं, अशी पद्धत होती. हृदयविकाराच्या रुग्णांना अंथरुणातून लवकर उठवावं, हे एव्हाना पटू लागलं होतं. कॅन्सरच्या वॉर्डापर्यंत तो विचार पोचायला मात्र बराच वेळ लागला.

टेरी तीन आठवड्यांत कृत्रिम पायावर चालू लागला. पुढची १६ महिने केमोथेरपी चालू होती. त्याच काळात रिक हॅन्सनने त्याला व्हीलचेअर बास्केटबॉलच्या संघात बोलावलं. खेळ शिकून दोन महिनेही झाले नसतील, तोवर तो राष्ट्रीय स्पर्धेच्या संघात गेला. पुढे त्या संघाबरोबर तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. केमो चालू असताना शरीर व्यायाम सोसतं का, हा प्रश्न संशोधकांनी गांभीर्याने हाती घेण्यापूर्वी एका मुलाने स्वतःपुरतं त्याचं उत्तर शोधलं होतं.

मग त्याने धावण्याचा सराव सुरू केला. त्याचा कृत्रिम पाय चालण्यासाठी बनवलेला होता. त्यातली स्प्रिंग पूर्ववत व्हायला क्षणभर लागे, म्हणून तो चांगल्या पायावर दोन उड्या मारून मग पुढचं पाऊल टाकायचा. त्याच्या त्या लंगडत्या लयीची चित्रफीत पाहिली तर प्रत्येक पावलाला त्याला किती शक्ती लागत असेल ते समजतं. १४ महिने हा सराव चालला. १९७९ मध्ये प्रिन्स जॉर्ज इथल्या शर्यतीत तो सगळ्यांत शेवटी पोचला, पण पोचला. त्यानंतर त्याने घरी खरा बेत सांगितला: पूर्व किनाऱ्यावरून निघून अख्खा कॅनडा धावत ओलांडायचा. आई बेटीचा आधी विरोध होता; नंतर तिने साथ दिली.

ऑक्टोबर १९७९ मध्ये त्याने कॅनडाच्या कॅन्सर सोसायटीकडे मदत मागितली. सोसायटीने आधी प्रायोजक मिळवायला आणि हृदयतज्ज्ञांचं प्रमाणपत्र आणायला सांगितलं. तपासणीत त्याच्या हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला आढळला. खेळाडूंमध्ये असं बऱ्याचदा दिसतं. डॉक्टरांनी धोके समजावले, पण हे फार गंभीर नाही असं ठरवलं आणि हृदयाचा काही त्रास झाला तर लगेच थांबण्याच्या अटीवर त्याला परवानगी दिली.

टेरीच्या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही परवानगी. एका बाजूने पाहिलं तर ती उदार होती. त्या काळच्या पुष्कळ डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं असतं. पण लक्षणं ओळखायची रुग्णाने आणि थांबायचं ते रुग्णाने, अशी सगळी जबाबदारी तिने २१ वर्षांच्या जिद्दी मुलावर टाकली होती. किती अंतर, किती दिवसांनी विश्रांती, कोणत्या तपासण्या कधी, याचा आराखडा कोणाकडेच नव्हता.

१२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स इथे अटलांटिकच्या पाण्यात पाय बुडवून तो निघाला. मित्र डग अल्वर्ड व्हॅन चालवत होता. पुढे भाऊ डॅरेलही येऊन मिळाला. रोज सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे रोज एक मॅरेथॉन. सुरुवातीला कोणी विचारत नव्हतं. जुलैमध्ये टोरोंटोच्या चौकात हजारो माणसं जमली. पायाच्या उरलेल्या भागावर गाठी आल्या, नडगी दुखे, गुडघा सुजे, चक्कर येई. घोटा दुखू लागला तेव्हा हाडाला तडा गेल्याच्या शंकेतही तो तीन दिवस धावला आणि मग डॉक्टरांकडे गेला. निघाला स्नायुबंधाचा दाह. नियमित तपासणी करून घे, असं लोक सांगत. त्याने ते मानलं नाही.

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराबाहेर त्याला खोकल्याची उबळ आली, छातीत दुखू लागलं. रस्त्यावर लोक उभे होते म्हणून तो आणखी काही अंतर धावला आणि मग डगला हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. कॅन्सर फुफ्फुसांत पसरला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले होते. पुन्हा केमोथेरपी झाली, इंटरफेरॉनसारखे प्रायोगिक उपचार झाले. २८ जून १९८१ रोजी तो गेला, तेविसाव्या वाढदिवसाला एक महिना उरला असताना. त्याआधीच निधी २ कोटी ४० लाख डॉलरच्या पुढे गेला होता. दर कॅनेडियन माणसामागे एक डॉलर, हे त्याचं उद्दिष्ट पूर्ण झालं होतं.

धावण्यामुळे कॅन्सर उलटला का? या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं, कारण तीच भीती आपल्या घराघरांत आहे. ऑस्टिओसार्कोमा रक्तावाटे फुफ्फुसांत जातो आणि बहुतेकदा त्याच्या पेशी निदानापूर्वीच तिथे पोचलेल्या असतात. धावण्याने तो पसरला, असं मानायला आधार नाही. वेळेवर छातीचा एक्स-रे काढला असता तर तो नक्की वाचला असता, असं म्हणणंही धाडसाचं होईल. पण तपासणी टाळून रोज मॅरेथॉन धावणं हा काही कॅन्सरच्या रुग्णाला द्यायचा व्यायाम नव्हे. टेरीच्या धैर्याला सलाम करतानाही डॉक्टरने हे स्पष्ट बोललं पाहिजे.

मग द्यायचा व्यायाम कोणता? याची काही उत्तरं टेरीच्याच देशातून आली. स्तनाच्या कॅन्सरनंतर हाताने कष्टाचं काम केलं तर हाताला कायमची सूज येते, असं डॉक्टर मानत. १९९६ मध्ये व्हँकुव्हरचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांनी अशा २४ स्त्रियांना पद्धतशीर सराव देऊन लांबलचक होड्या वल्हवायला लावल्या. कोणालाही नव्याने सूज आली नाही. २००४ मध्ये अल्बर्टातल्या एका अभ्यासात कॅन्सरतज्ज्ञाने नुसता व्यायामाचा सल्ला दिल्यानेही स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्ण स्त्रिया अधिक हालचाल करू लागल्याचं दिसलं. आणि २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवरची कॅनडाच्या पुढाकाराने झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. ऑपरेशन आणि केमो संपलेल्या निम्म्या रुग्णांना तीन वर्षं मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला, बाकीच्यांना आरोग्याची माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांतले सुमारे ९० टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले ८३ टक्के. व्यायाम म्हणजे बहुतेकांसाठी आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊणएक तास भरभर चालणं. सांधे-स्नायूंच्या तक्रारी व्यायामाच्या गटात जास्त होत्या, हेही सांगायला हवं.

इतकं असूनही आम्ही डॉक्टर बोलत का नाही? व्यायाम चांगला, हे बहुतेक कॅन्सरतज्ज्ञ मान्य करतात. पण ओपीडीत रांग लागलेली असते, व्यायाम लिहून द्यायला कोणी शिकवलेलं नसतं आणि रुग्णाला पाठवायचं कुणाकडे हे ठाऊक नसतं. सरकारी रुग्णालयात तर एका रुग्णाला मिळतात काही मिनिटंच. त्यात गोळ्या, रिपोर्ट आणि पुढची तारीख होते. घरी गेल्यावर सून पाण्याचा तांब्याही उचलू देत नाही आणि महिन्याभरात मांड्या वाळतात. मग तो अशक्तपणा औषधाचा की अंथरुणाचा, हेच उमगत नाही.

तेव्हा पुढच्या भेटीत आपणच विचारा: डॉक्टर, मी रोज किती चालू? कॅन्सर हाडात पसरलेला असेल, प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन फार कमी असेल, ताप असेल, केमोने हृदयावर परिणाम झाला असेल, तर उत्तर वेगळं येईल आणि ते डॉक्टरांनीच द्यायला हवं. बाकीच्यांना घराच्या अंगणात दहा मिनिटांपासून सुरुवात करता येते. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. छातीत दुखलं, धाप लागली, नवीन हाड दुखू लागलं तर थांबून त्याच आठवड्यात दाखवायचं. छातीतलं दुखणं असेल तर त्याच दिवशी.

टेरी गेला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडात त्याच्या नावाने पहिली दौड झाली आणि तीन लाखांहून अधिक लोक आले. पुढे अनेक देशांत, आपल्या मुंबईतही, ती झाली. त्या दौडीत स्पर्धा नसते. कोणी धावतं, कोणी चालतं, कोणी व्हीलचेअरवर येतं.