पाण्यात विष सापडलं नाही, तरी पक्षी का मरत होते? गोष्ट रेचल कार्सन यांची

कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचं मोठं तळं आहे. तिथे मासे पकडायला येणाऱ्यांना चिलटांचा भारी त्रास व्हायचा. म्हणून १९४९ मध्ये तळ्यात डीडीडी टाकण्यात आलं. हे डीडीटीचंच भावंड. प्रमाण अगदी नगण्य, सात कोटी भाग पाण्याला एक भाग. चिलटं परत आली, म्हणून १९५४ आणि १९५७ मध्ये ते पुन्हा टाकलं.

मग तळ्यावरचे ग्रीब, म्हणजे आपल्या टिबुकलीच्या कुळातले पाणपक्षी, मरायला लागले. पाणी तपासलं तर त्यात डीडीडीचा मागमूस नाही. मेलेल्या पक्ष्यांच्या चरबीत मात्र ते दहा लाख भागांत १,६०० भाग निघालं!

शास्त्रज्ञांच्या अहवालांत पडून असलेली ही गोष्ट सामान्य माणसांपर्यंत नेली रेचल कार्सन यांनी.

कोण होत्या कार्सन?

जन्म २७ मे १९०७, पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेल गावी. लेखिका व्हायचं म्हणून कॉलेजात इंग्रजी घेतलं, पण मन रमलं जीवशास्त्रात. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एमए केलं आणि पुढे सरकारी मत्स्य खात्यात नोकरी धरली. १९५१ मध्ये आलेलं त्यांचं समुद्रावरचं पुस्तक तुफान खपलं. मग नोकरी सोडून त्या पूर्णवेळ लिहू लागल्या.

डीडीटीवर लिहायचं त्यांच्या डोक्यात १९४५ पासून होतं. तेव्हा एका मासिकाने तो विषय नाकारला होता.

मग विष गेलं कुठे?

डीडीडी पाण्यात जेमतेम विरघळतं, चरबीत मात्र सहज मुरतं. ते तळ्यातल्या सूक्ष्म जिवांत शिरलं, त्यांना खाणाऱ्या माशांत गेलं आणि माशांमधून ग्रीबमध्ये पोहोचलं. प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढत गेलं. म्हणजे विष नष्ट झालं नव्हतं, त्याने फक्त जागा बदलली होती.

१९६२ मध्ये कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' आलं. त्यात क्लिअर लेकसारखी कितीतरी उदाहरणं होती. कीटकनाशक कंपन्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. त्या भावनिक आहेत, त्यांना विज्ञान कळत नाही, असं म्हटलं गेलं. पण सगळीच कीटकनाशकं बंद करा, असं कार्सन म्हणतच नव्हत्या. समजून उमजून वापरा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पुस्तक लिहितानाच त्यांना स्तनाचा कर्करोग झाला होता. टीकाकारांना निमित्त मिळू नये म्हणून त्यांनी तो जाहीर केला नाही. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या विज्ञान सल्लागार समितीने त्यांच्या बऱ्याच मुद्द्यांना दुजोरा दिला. १४ एप्रिल १९६४ रोजी त्या गेल्या, वयाच्या ५६ व्या वर्षी. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ मध्ये, ती पाहायला त्या नव्हत्या. भारतात डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर १९८९ मध्ये बंदी आली.

आज काय तपासतात?

आता प्रयोगशाळेत कीटकनाशक आम्ल, उदासीन आणि अल्कली अशा तिन्ही पाण्यांत ठेवून ते किती दिवसांत निम्मं होतं ते मोजतात. दुसऱ्या चाचणीत भांड्यात पाण्याबरोबर तळ्याचा गाळही घेतात. औषधाच्या रेणूतल्या कार्बनला किरणोत्सारी खूण केलेली असते. त्यामुळे ते खरंच मोडलं, की नुसतं गाळात जाऊन बसलं, हे कळतं. मोडून नवं काय तयार झालं, तेही शोधतात. कारण डीडीटी मोडून बनणारं डीडीई वर्षानुवर्षं टिकतं आणि त्याने पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होतात.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या नदीच्या बातमीत पाण्यात काहीच सापडलं नाही असं वाचलंत, तर एक प्रश्न नक्की विचारा. गाळ आणि मासे तपासले का?