संभाजीराजांची गादी

भगिनींनो, आपल्या उधव्याच्या बाजूचा जव्हार-रामनगर मुलूख १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जिंकला, याचे मला कौतुक आहे. पण त्यांचे पुढचे एक पाऊल सलते. एप्रिल १६८० मध्ये शिवाजीमहाराज रायगडावर निवर्तले. २२ वर्षांचे संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर. सोयराबाईंनी आपल्या १० वर्षांच्या राजारामास गादीवर बसविले आणि अण्णाजी दत्तो व मोरोपंत संभाजीराजांना धरावयास निघाले. सेनापती हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे भाऊ. परंतु त्यांनी या दोघांनाच कैद करून पन्हाळ्यास नेले. बहिणीविरुद्ध जाताना त्यांच्या जिवाचे काय झाले असेल! जानेवारी १६८१ मध्ये संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला. अण्णाजींना त्यांनी क्षमा केली. पुन्हा कट झाला तेव्हा मात्र देहदंड दिला. १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजीराजांना कैद केले, तेव्हा येसूबाईंनी आपल्या शाहूला बाजूस ठेवून त्याच राजारामास, आपल्या दिरास, गादीवर बसविले.