मते सुभाषबाबूंना, सत्ता वर्ध्याला

पक्षाच्या अध्यक्षपदाची निवडणूक आली की आपल्याकडे आकडेमोड सुरू होते. कोणामागे कोणता प्रांत, कोण ऐनवेळी माघार घेणार, कोणाचे किती प्रतिनिधी फुटणार, याचे हिशेब विहाराच्या ओट्यापासून दिल्लीच्या कचेऱ्यांपर्यंत मांडले जातात. अमेरिकेत तर पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठीच राज्याराज्यांत सामान्य मतदारांचे मतदान होते आणि कोणाची शक्यता किती यावर महिनोन्‌महिने चर्चा झडतात. या सर्व गदारोळात एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. निवडून येणाऱ्याच्या हाती नेमके काय येणार? खुर्ची की सत्ता?

हा प्रश्न सुभाषचंद्र बोस यांच्या आयुष्याने देशापुढे ठेवला आणि त्याचे उत्तर आपल्या विदर्भातल्या वर्ध्यात मिळाले. शाळेच्या पुस्तकातले सुभाषबाबू लष्करी गणवेशात असतात. वर्ध्याच्या बाजूने त्यांचे चरित्र फारसे कोणी सांगत नाही. चळवळीच्या कार्यकर्त्यांनी ते समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

सुभाषबाबूंचा जन्म २३ जानेवारी १८९७ रोजी कटक येथे झाला. वडील जानकीनाथ हे नामांकित वकील. चौदा भावंडांतले सुभाष नववे. घर उच्चवर्णीय आणि सुखवस्तू. शिक्षणासाठी त्यांना आपल्या बापजाद्यांसारखे वर्गाबाहेर बसावे लागले नाही, हे नमूद केले पाहिजे. पण मिळालेल्या सुखावर ते संतुष्ट राहिले नाहीत, हेही तितकेच खरे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये ओटन या इंग्रज प्राध्यापकाला मारहाण झाल्याच्या प्रकरणात १९१६ साली त्यांना काढून टाकण्यात आले. पुढे दुसऱ्या कॉलेजातून पदवी घेऊन ते इंग्लंडला गेले. १९२० साली आयसीएस परीक्षेत चौथे आले आणि १९२१ साली त्या नोकरीचा राजीनामा देऊन मायदेशी परतले. मुंबईत उतरताच ते गांधींना भेटले. लढ्याचा पुढचा टप्पा कोणता, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. गांधींच्या उत्तरांनी त्यांचे समाधान झाले नाही. या दोघांमधील अंतर पहिल्या दिवसापासूनचे आहे.

कलकत्त्यात देशबंधू चित्तरंजन दास हे त्यांचे गुरू झाले. १९२४ साली दास कलकत्त्याचे महापौर झाले तेव्हा महापालिकेचा कारभार त्यांनी सुभाषबाबूंकडे सोपवला. त्याच वर्षी सरकारने त्यांना अटक करून ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात टाकले. १९२७ साली ते आजारी होऊन सुटले. १९२८ च्या कलकत्ता अधिवेशनात त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याची दुरुस्ती मांडली. गांधी वसाहतीच्या स्वराज्याच्या बाजूने उभे होते. दुरुस्तीच्या बाजूने ९७३ आणि विरुद्ध १३५० मते पडली. सुभाषबाबू हरले, पण काँग्रेसमध्येच राहून काम करत राहिले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. दहा वर्षांनी ते जिंकले तेव्हा हरलेल्यांनी काय केले, ते आता पाहायचे आहे.

फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेतील हरिपुरा येथे ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. तोपर्यंतची रीत अशी होती की नाव वरच ठरायचे, इतर इच्छुक माघार घ्यायचे आणि प्रांतोप्रांतीचे प्रतिनिधी मान डोलवायचे. सुभाषबाबूही त्याच रीतीने आले. कारण त्या वर्षी ते गांधींना चालत होते.

आता वर्ध्याकडे येऊ. गांधी १९३६ पासून वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहत होते. हेच सेगाव १९४० साली सेवाग्राम झाले. शेठ जमनालाल बजाज यांच्या बजाजवाडीत काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका भरत. काँग्रेसची कचेरी अलाहाबादला होती खरी, पण निर्णय वर्ध्याला होत. गंमत अशी की गांधी १९३४ पासून काँग्रेसचे साधे सदस्यही नव्हते!

जुलै १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांचे आपल्याच मंत्र्यांशी बिनसले. त्यांनी राजीनामा दिला आणि गव्हर्नरकडून नवे मंत्रिमंडळ बनवून घेतले. त्यात त्यांनी अग्निभोज या अस्पृश्य समाजातील आमदाराला मंत्री केले. वर्ध्याहून हुकूम सुटला आणि काही दिवसांतच खरे यांना पायउतार व्हावे लागले. वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात आमदारांची बैठक भरली आणि रविशंकर शुक्ल नेते म्हणून निवडले गेले. ठपका शिस्तभंगाचा होता. पण अस्पृश्याला मंत्री केले हाच आपला अपराध ठरला आणि अस्पृश्यांच्या मनात अशा आकांक्षा जागवणे चूक आहे असे गांधींनी आपल्याला सुनावले, हे खरे यांनी पुढे जाहीर सभांतून वारंवार सांगितले. बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा पंचनामा करणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात हे प्रकरण नोंदवले आहे. गांधींनी खरे यांच्या विधानाचा कधी इन्कार केला नाही, हेही त्यांनी तेथे नोंदवले. खरे काही आपले मित्र नव्हते. पुढे ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. परंतु अग्निभोज यांचे मंत्रिपद दोन-चार दिवसांतच संपले, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

या सर्व काळात काँग्रेसचे अध्यक्ष कोण होते? सुभाषबाबूच होते. वर्ध्याच्या त्या बैठकांचे अध्यक्षस्थान त्यांनीच भूषवले. एका प्रांताचे निवडून आलेले नेतृत्व वर्ध्याच्या इच्छेपुढे कसे वाकवले जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि त्यावर आपली मोहोर उठवली. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला मुंबई प्रांतातील काँग्रेस सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून मोठा संप केला. कामगारांच्या संघटनेचे अध्यक्षपद पूर्वी भूषवलेले सुभाषबाबू तेव्हा त्याच काँग्रेसच्या खुर्चीवर बसलेले होते.

पाच-सहा महिन्यांत फासे उलटले. १९३९ च्या अध्यक्षपदासाठी सुभाषबाबूंनी पुन्हा उभे राहायचे ठरवले. १९३५ च्या कायद्यातील संघराज्याच्या योजनेवर काँग्रेसमधील उजवे गट इंग्रजांशी तडजोड करतील अशी त्यांना शंका होती. म्हणून निवडणूक माणसांवर न होता कार्यक्रमावर व्हावी असा त्यांचा आग्रह होता. प्रथम मौलाना आझाद यांचे नाव पुढे आले. त्यांनी माघार घेऊन आंध्रचे डॉ. पट्टाभी सीतारामय्या यांना पाठिंबा दिला. वल्लभभाई पटेल आणि कार्यकारिणीतील इतर नेत्यांनी बार्डोलीहून पत्रक काढून सुभाषबाबूंना माघार घ्यायला सांगितले. सुभाषबाबू हटले नाहीत.

देशभर चर्चा रंगली. हिशेब मांडणाऱ्यांना पारडे पट्टाभींचे जड वाटणे साहजिक होते. गांधी त्यांच्यामागे, कार्यकारिणीतील बहुतेक वजनदार नेते त्यांच्यामागे, पक्षाचा पैसा आणि यंत्रणाही त्यांच्यामागे. सुभाषबाबूंकडे बंगाल होता आणि प्रांतोप्रांतीचे तरुण, डावे, किसान सभेचे कार्यकर्ते होते. २९ जानेवारी १९३९ रोजी प्रतिनिधींनी आपापल्या प्रांतात मतदान केले. बंगाल, पंजाब, संयुक्त प्रांत, कर्नाटक, केरळ येथे सुभाषबाबूंची सरशी झाली. गुजरात, आंध्र, बिहार पट्टाभींकडे गेले. सुभाषबाबूंना १५८० आणि पट्टाभींना १३७७ मते मिळाली. सगळ्यांचे हिशेब चुकले.

पण निवडणूक तेथे संपली नाही. पट्टाभींचा पराभव हा आपलाच पराभव असल्याचे गांधींनी दोनच दिवसांत जाहीर केले. म्हणजे ज्यांनी पट्टाभींच्या विरोधात मत दिले त्यांनी महात्म्याच्या विरोधात मत दिले, असा त्याचा अर्थ झाला. उमेदवाराला पाडता येते, महात्म्याला कसे पाडणार? फेब्रुवारीच्या मध्यास सुभाषबाबू सेगावला जाऊन गांधींना भेटले. तोडगा निघाला नाही. परतताना ते तापाने फणफणले. २२ फेब्रुवारीला वर्ध्यात कार्यकारिणीची बैठक होती. आजारामुळे ती पुढे ढकलावी अशी विनंती त्यांनी तारेने केली. त्याच बैठकीच्या वेळी बारा सदस्यांनी राजीनामे दिले. नेहरूंनी वेगळे निवेदन काढून अंग काढून घेतले. अध्यक्षाजवळ उरले त्यांचे सख्खे बंधू शरदबाबू!

मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरी येथे अधिवेशन भरले. सुभाषबाबूंना स्ट्रेचरवरून मंडपात आणावे लागले. त्यांचे भाषण शरदबाबूंनी वाचून दाखवले. गोविंद वल्लभ पंत यांनी ठराव आणला की अध्यक्षांनी आपली कार्यकारिणी गांधींच्या इच्छेनुसार नेमावी. काँग्रेसमधील समाजवादी तटस्थ राहिले आणि ठराव मंजूर झाला. ज्या डाव्यांच्या बळावर सुभाषबाबू निवडून आले, तेच मोक्याच्या क्षणी हात बांधून बसले. आता फास कसा होता पाहा. ठरावाप्रमाणे गांधींची इच्छा विचारावी, तर गांधी नावे देईनात. तुमची समिती तुम्हीच बनवा, असे ते कळवत. स्वतः समिती बनवावी, तर ठरावाचा भंग होतो. दोन महिने पत्रापत्री चालली. अखेर २९ एप्रिलला कलकत्त्यात सुभाषबाबूंनी राजीनामा दिला आणि राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले. १५८० मतांची किंमत तीन महिनेही टिकली नाही.

मे महिन्यात त्यांनी फॉरवर्ड ब्लॉक स्थापन केला. पक्षाच्या ठरावांविरुद्ध निषेध दिन पाळला म्हणून ऑगस्टमध्ये कार्यकारिणीने पुन्हा वर्ध्यातच बसून त्यांना तीन वर्षे पक्षातील कोणत्याही निवडणुकीच्या पदासाठी अपात्र ठरवले. खरे यांच्यावर चालवलेले शिस्तभंगाचे हत्यार वर्षभरातच सुभाषबाबूंवर चालले. हत्यार तेच, जागाही तीच.

जून १९४० मध्ये नागपुरात फॉरवर्ड ब्लॉकचे अधिवेशन झाले. तेथून ते सेवाग्रामला गेले. २० जूनची ती गांधींशी शेवटची भेट. त्यानंतर त्यांनी मुंबई गाठली. जीना, सावरकर यांच्याप्रमाणेच त्यांनी बाबासाहेबांचीही भेट घेतली. बाबासाहेबांनी त्यांना दोन सरळ प्रश्न केले. निवडणुकीत काँग्रेसविरुद्ध उमेदवार उभे करणार का? आणि अस्पृश्यांच्या प्रश्नावर तुमच्या पक्षाचे धोरण काय? पहिल्याचे उत्तर नकारार्थी होते. दुसऱ्याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. भेट तेथेच संपली. ज्या काँग्रेसने हाकलले तिच्याविरुद्ध मतपेटीत उभे राहायचे नाही आणि ज्या समाजाला तिने कधी वाटा दिला नाही त्याला सोबत घ्यायचे नाही, मग बळ आणायचे कोठून? वर्ध्याशी लढायला निघालेल्या सुभाषबाबूंच्या राजकारणातील उणीव बाबासाहेबांनी दोन प्रश्नांत दाखवून दिली.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. जुलै १९४० मध्ये अटक, तुरुंगात उपोषण, सुटकेनंतर घरातच नजरकैद, जानेवारी १९४१ मध्ये वेषांतर करून पलायन, बर्लिन, १९४३ साली पाणबुडीतून आशियाकडे प्रवास, २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात आझाद हिंद सरकार. आझाद हिंद सेनेत सर्व जातिधर्मांचे सैनिक एका पंगतीत जेवत. स्त्रियांची स्वतंत्र पलटण होती. काँग्रेसच्या मंडपात न जमलेली गोष्ट त्यांनी परदेशात सैन्यात करून दाखवली, याचे श्रेय आम्ही मोकळेपणाने देतो. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैपेई येथील विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

या चरित्रातून आपण काय घ्यायचे? काँग्रेसवर टीका करून थांबणे सोपे आहे. २०२२ साली मल्लिकार्जुन खर्गे ७८९७ मते घेऊन शशी थरूर यांच्यावर मात करत काँग्रेसचे अध्यक्ष झाले. एका दलित नेत्याला ते पद मतदानाने मिळाले. पण तेव्हाही चर्चा हीच होती की खरी सत्ता अध्यक्षाकडे राहील की घराण्याकडे. म्हणजे वर्ध्याचा प्रश्न त्या पक्षात आजही शिल्लक आहे.

पण आपल्या घरात काय आहे? ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. एन. शिवराज पहिले अध्यक्ष झाले. दोनच वर्षांत दुरुस्त आणि नादुरुस्त असे गट पडले. १९९८ साली एकजुटीच्या बळावर चार नेते खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले आणि पाठोपाठ पुन्हा फूट पडली. आपल्याकडे हरलेला उमेदवार विरोधी बाकावर बसत नाही, तो नवा पक्ष काढतो. आणि जिंकलेला अध्यक्ष हरलेल्याला सोबत ठेवत नाही. आपण एक वर्धा नाकारले आणि गटागटांची छोटी छोटी वर्धा उभी केली, असे कोणी म्हटले तर काय उत्तर देणार?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की राजकारणातील भक्ती हा हुकूमशाहीकडे नेणारा रस्ता आहे. त्रिपुरीत तोच रस्ता दिसला होता. म्हणून आमची कार्यकर्त्यांना विनंती आहे. पुढच्या वेळी आपल्या संघटनेची निवडणूक लागेल तेव्हा कोण येणार याचा हिशेब जरूर मांडा. पण त्याआधी विचारा की सभासदांची यादी कोठे आहे, घटना कोणी वाचली आहे, जमाखर्च कोण तपासतो, अध्यक्षाला कार्यकारिणी नेमण्याचा हक्क आहे की नाही आणि हरणारा उमेदवार दुसऱ्या दिवशी बैठकीला येणार आहे की नाही. याची उत्तरे मतदानाआधी मिळाली नाहीत, तर मते कोणालाही पडोत, अध्यक्षाच्या हाती फक्त खुर्चीच येईल. जयभीम!