ताराबाई मोडक आणि अद्भुतकथेचा पेच

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे नाव बालवाडीशी जोडले गेले. बालसाहित्याच्या अभ्यासकानेही त्यांच्या चरित्राकडे वळावयास हवे. जन्म मुंबईचा, विवाहानंतर मात्र काही वर्षे त्या अमरावतीस होत्या, म्हणून आम्हा बुलढाणेकरांनाही त्या परक्या वाटत नाहीत.

१९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. तेथे पेच होता. लहान मुलाला वास्तव व कल्पित यांतील भेद कळत नाही, म्हणून परीकथा मोठ्यांची कल्पना त्याच्यावर लादतात, असे माँटेसरीबाईंचे मत. गिजुभाई त्यांचे अनुयायी खरे. पण लोककथा ते मुलांना आवर्जून सांगत.

पुढे बोर्डी (१९४५) व कोसबाड (१९५७) येथे अनुताई वाघ यांच्यासमवेत ताराबाईंनी शंख-शिंपले, पाने, खडे यांनाच शैक्षणिक साधने केले. माँटेसरीची सामग्री बदलता येते, तर त्यांची कथेविषयीची साशंकताही तपासता येते. बालमंदिरात साधने मोठ्यांनी मांडावीत, उचलावीत मुलाने. घरातील पुस्तकांच्या फळीलाही, माझ्या मते, हीच वाटणी लागू व्हावी. त्या फळीवर राक्षस असावा की नसावा, याविषयी मात्र मी गिजुभाईंच्या बाजूचा आहे.